परळचा पॅथॉलॉजी विभाग: रोजच्या कामातून घडलेला इतिहास

सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी दिलेल्या देणगीला एक अट जोडलेली होती. या पैशातून जे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहील, तिथे शिकवणारे सगळे भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतले नसावेत. आज ही अट वाचताना गंमत वाटते. परळच्या आवारात दुसरे कोण शिकवणार, असेच मनात येते. पण त्या काळी मुंबईत वैद्यक शिकायचे म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि १८४५ साली सुरू झालेल्या त्या कॉलेजातल्या महत्त्वाच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी सेवेतल्या, बहुतेक ब्रिटिश, अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवल्यासारख्याच होत्या. परदेशी पदव्या घेऊन परतलेल्या भारतीय डॉक्टरालाही तिथे बहुधा कुणाच्या तरी हाताखालीच राहावे लागे. मुंबई महापालिकेने अटीसह देणगी स्वीकारली. परळला किंग एडवर्ड मेमोरियल (के.ई.एम.) रुग्णालय आणि त्याला जोडलेले महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले, डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले. रुग्णालयाची इमारत जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची. गेटवे ऑफ इंडिया रेखाटणारे तेच हे विटेट. रुग्णालय उघडले त्याच वर्षी ते वारले.

या अटीचा सर्वांत अवघड भाग कोणत्या विषयाच्या वाट्याला आला असेल, तर माझ्या मते पॅथॉलॉजीच्या. शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन भारतीय मिळणे त्या काळातही कठीण नव्हते. गिरगावात, काळबादेवीला, फोर्टात उत्तम व्यवसाय करणारे नामांकित डॉक्टर होते आणि मानद म्हणून ते सकाळी वॉर्डात येऊ शकत होते. पॅथॉलॉजिस्टला असा व्यवसाय नव्हता. त्याचे नाव रुग्णाला ठाऊक नसते, त्याची फी कोणी हातात आणून ठेवत नाही. ज्याला केवळ विषयाची ओढ आहे आणि जो दिवसभर मायक्रोस्कोप, शवविच्छेदनाचे टेबल आणि विद्यार्थी यांच्यातच राहायला तयार आहे, असाच माणूस हवा होता. तोही देशी, आणि सरकारी नोकरीबाहेरचा.

विभागप्रमुखांची नामावली आणि यंत्रखरेदीच्या तारखा अशा दोन याद्या दिल्या की विभागाचा इतिहास लिहून झाला, अशी स्मरणिकांची एक रीत आहे. इथे ती पाळलेली नाही. शंभर वर्षांकडे पाहताना मला एकच गोष्ट ठळकपणे दिसते. या विभागाच्या आणि त्याच्या माणसांच्या नावावर जी मोठी कामे आहेत, ती संशोधनाचा संकल्प करून सुरू झालेली नाहीत. रक्त जुळवणे, तुकडा तपासणे, मृतदेह उघडून पाहणे ही रोजची, काहीशी कंटाळवाणी कामे कोणीतरी कंटाळा न करता केली आणि त्यातून ती निघाली.

पॅथॉलॉजी हा विषय परळला नवा नव्हता. मुंबईत त्याचा पाया त्याआधी साठ-सत्तर वर्षे घातला जात होता. ‘ग्रेज् ॲनाटॉमी’मधल्या आकृत्या काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर १८५८ साली मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पायाला सूज येऊन त्यातून दाणे बाहेर पडणारा मायसेटोमा हा बुरशीचा आजार आहे, हे त्यांनी १८७४च्या ग्रंथात मांडले. मग १८९६चा प्लेग आला. मांडवीतले पहिले रुग्ण ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली, जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. म्हणजे के.ई.एम.चा पाया खणला जाण्यापूर्वीच या परिसरात जंतू, रक्त आणि शव यांचा अभ्यास चालू होता. सभोवती गिरण्या, चाळी, क्षय, हिवताप, आमांश. रोगांचा अभ्यास करायला याहून समृद्ध जागा शोधून सापडली नसती, असे म्हणणे निर्दय वाटेल, पण ते खरे आहे.

सुरुवातीच्या काळात पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकपदी आले डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५चा, घराणे गोमंतकीय. लंडन विद्यापीठातून १९२३ साली त्यांनी पॅथॉलॉजीत एम.डी. केले, परतल्यावर ग्रँटमध्ये शिकवले आणि मग परळला आले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद हे सगळे मान त्यांना मिळाले. विभागाच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. ज्याला वॉर्डात मिरवायचे नाही पण ज्याच्या शब्दावर वॉर्ड चालतो, असा पूर्णवेळ देशी पॅथॉलॉजिस्ट असू शकतो, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका पिढीला प्रत्यक्ष दाखवून दिले. देणगीदारांच्या अटीला याहून नेमके उत्तर देता आले नसते.

१९४१ साली शेजारीच टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि खानोलकर तिथल्या प्रयोगशाळांचे संचालक म्हणून गेले. त्यांची सर्वांत गाजलेली कामे त्यानंतरची. तेव्हा त्यांचे श्रेय या विभागाने स्वतःकडे ओढू नये. शताब्दीच्या उत्साहात असा मोह होतो म्हणून मुद्दाम नोंदवतो. पण ती कामे कशी झाली हे सांगणे इथे गैरलागू नाही, कारण पद्धत तीच आहे.

टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण येत, तुकडा घेतला जाई, निदान होई, उपचार सुरू होत. खानोलकरांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: हा माणूस कुठला, काय खातो, काय चघळतो, तंबाखू तोंडात नेमकी कुठे ठेवतो? सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी भारतीय सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथे होणारा खैनीचा कर्करोग. चुट्ट्याचे (गावठी चिरूटचे) जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा, आंध्र किनाऱ्यावरचा कर्करोग. आणि धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट काचल्याने तिथल्या त्वचेला होणारा कर्करोग. तिन्हींत एकच सूत्र: जिथे सवय, तिथे गाठ.

हे मुंबईतच दिसू शकले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बिहारमधल्या डॉक्टरला सगळ्यांच्याच ओठात खैनी दिसणार; त्यात त्याला वेगळे काय वाटणार? परळच्या बाह्यरुग्ण विभागात मात्र बिहारचा हमाल, विशाखापट्टणमची बाई, गुजरातचा व्यापारी आणि कोकणातला गिरणी कामगार एकाच रांगेत बसलेले. तुलना समोर आयतीच मांडलेली होती. ती पाहणारा हवा होता. १९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि घसा-तोंडाचे कर्करोग यांचा संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकड्यांनी दाखवला. सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांवर पश्चिमेत वाद रंगला होता त्याच काळातली ही गोष्ट. आपल्याकडे गुटख्यावर बंदी यायला त्यानंतर सुमारे अर्धशतक गेले.

आता परत रस्ता ओलांडून के.ई.एम.मध्ये येऊ. पण १९५२ साली इथे सापडलेल्या नव्या रक्तगटाच्या हकिकतीकडे वळण्याआधी विभागात दिवसभर चालते काय, हे सांगायला हवे. स्मरणिका वाचणारे सगळेच डॉक्टर नसतात, आणि नातेवाइकांच्या मनात पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी तपासणारी खिडकी एवढेच चित्र असते.

शस्त्रक्रियागृहात काढलेला अवयव किंवा तुकडा फॉर्मलिनच्या बरणीतून येतो. बरणीवरचे नाव आणि अर्जावरचे नाव जुळते का, हे पहिले काम. यात चूक झाली तर पुढचे सगळे शास्त्र व्यर्थ. नोंदवहीत क्रमांक पडतो. मग ग्रॉसिंग: निवासी डॉक्टर हातमोजे चढवून अवयव मोजतो, कापतो, रंग, कठीणपणा, कडा यांचे वर्णन लिहून घेतो आणि कुठले तुकडे पुढे न्यायचे ते ठरवतो. नवख्याला हे काम कसायाचे वाटते. दोन-तीन वर्षांनी त्याला कळते की निम्मे निदान इथेच होते; चुकीच्या जागचा तुकडा घेतला तर मायक्रोस्कोपखाली कितीही डोळे ताणून उपयोग नाही. रात्रभर ते तुकडे अल्कोहोल आणि झायलीनमधून फिरतात, त्यांतले पाणी निघून जाते, जागी वितळलेले मेण शिरते. सकाळी त्यांचे मेणाचे ब्लॉक होतात.

ब्लॉक मायक्रोटोमवर चढतो आणि तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशे-तीनशेव्या भागाएवढे. एकमेकांना चिकटलेल्या कापांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचपट्टीने अलगद उचलायची. हे टेक्निशियनचे काम, आणि ते पुस्तकातून येत नाही. पूर्वी मायक्रोटोमच्या सुरीला दगडावर आणि चामड्यावर हाताने धार लावावी लागे. धारेत एखादा दात राहिला की प्रत्येक कापावर ओरखडा उमटायचा आणि तो कुणाचा प्रताप हे सगळ्यांना कळायचे. आता वापरून टाकायची पाती आली, ती कला गेली. कुणाला तिची हळहळ वाटत असेल असे नाही. काप रंगवला की केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचे गुलाबी दिसते. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन ही जोडी शंभर वर्षांपूर्वीही होती, आजही आहे. एवढी यंत्रे बदलली, पण पहिली स्लाईड याच दोन रंगांत पाहायची हा नियम बदललेला नाही.

शस्त्रक्रिया चालू असतानाच उत्तर हवे असेल तर फ्रोझन सेक्शन. तुकडा गोठवून लगेच कापायचा, रंगवायचा आणि साधारण वीस मिनिटांत सांगायचे की गाठ साधी की कर्करोगाची, कडा मोकळ्या आहेत की नाहीत. तिकडे रुग्ण भुलीखाली, सर्जन हात आवरून उभा. अशा वेळी ‘निश्चित सांगता येत नाही, पक्क्या ब्लॉकची वाट पाहा’ असे म्हणायला जास्त धैर्य लागते. चांगला पॅथॉलॉजिस्ट ओळखायचा तर त्याने ‘नाही सांगता येत’ किती वेळा आणि कुठे म्हटले ते पाहावे.

आता १९५२. विभागात डॉ. वाय. एम. भेंडे प्राध्यापक होते. रक्तगट पाहणे आणि रक्तदात्याचे रक्त रुग्णाशी जुळते का ते तपासणे हे प्रयोगशाळेचे नेहमीचे काम. एक जखमी रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाही रक्त हवे होते. दोघांच्या तांबड्या पेशी ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रवांनी गोळा होत नव्हत्या, म्हणजे रक्तगट ओ. पण ओ गटाच्या दात्यांचे रक्त जुळवायला घेतले तर रुग्णाच्या सीरममध्ये त्या पेशींचे गोळे होत होते. एक दाता, दुसरा दाता, तिसरा दाता, तेच. सर्वांना चालणारे म्हणून ज्या रक्ताची ख्याती, तेच या माणसांना चालत नव्हते.

अशा वेळी नळी फेकून देऊन ‘द्रव खराब झाले’ म्हणणे सर्वांत सोपे असते, आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असते. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी तसे केले नाही. त्यांनी नमुने पुन्हा तपासले, असेच रक्त असलेला आणखी एक माणूस मुंबईतच मिळाला, आणि लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या तज्ज्ञांना सोबत घेतले. रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स ही त्या काळातली रक्तगटशास्त्रातली सर्वांत मोठी नावे. सात जणांचा तो छोटा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १९५२ साली आला. बॉम्बे रक्तगट म्हणून आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जो आहे, तो हा.

त्यामागचे कारण सांगण्यासारखे आहे. तांबड्या पेशीवर एच नावाचा एक पदार्थ असतो आणि ए किंवा बी हे त्याच्यावर एकेक साखर जोडून तयार होतात. ओ गटाच्या माणसात अशी जोडणी होत नाही, म्हणून त्याच्या पेशींवर एच सर्वांत जास्त उघडा असतो. बॉम्बे गटाच्या माणसात मुळात एचच तयार होत नाही; त्यासाठी लागणारे विकर बनवणारे जनुक दोन्ही प्रतींत निकामी असते. एच नसल्याने त्याचे शरीर एचला परके मानते आणि त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये जन्मभर बाळगते. अशा माणसाला ओ रक्त देणे म्हणजे त्याला विष देण्यासारखे. वरवर ओ दिसणाऱ्या आई किंवा वडिलांच्या पोटी ए किंवा बी गटाचे मूल कसे जन्मू शकते, या कौटुंबिक संशयाचेही एक उत्तर यातच सापडते. ए-बीचे जनुक त्यांच्याकडे असते, फक्त त्याला काम करायला एचची जमीन मिळत नाही. मुंबई परिसरात दहा हजारांत एकाच्या आसपास आणि युरोपात दहा लाखांत एक असे या गटाचे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. जवळच्या नात्यांत लग्ने होणाऱ्या समाजांत ते वाढते.

यातून रक्तपेढ्यांच्या रोजच्या शिस्तीला एक आधार मिळाला. फक्त ए आणि बीचे द्रव टाकून गट काढला तर बॉम्बे गटाचा माणूस हमखास ओ ठरतो. त्याचे सीरम ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींशी उलटे ताडून पाहिले तरच चोर सापडतो. त्यातही ओ पेशी वगळल्या तर पुन्हा हुकतोच. घाईच्या वेळी हीच पायरी गाळण्याचा मोह होतो, म्हणून रक्तपेढीत शिकणाऱ्याला भेंड्यांची ही हकीकत पहिल्या आठवड्यातच सांगावी असे मला वाटते.

१९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू केले. तीच आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, आणि ती के.ई.एम.च्याच आवारात आहे. १९५२च्या लेखातले तरुण भाटिया पुढे तिचे संचालक झाले. भेंडे यांचे नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. डॉ. एस. जी. देवधरे यांच्यासह त्यांनी लिहिलेले पॉप्युलर प्रकाशनाचे पॅथॉलॉजीचे पाठ्यपुस्तक महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या कैक तुकड्यांनी वाचले. परदेशी ग्रंथांत क्षयाला, अमीबाला, कुष्ठरोगाला चार ओळी आणि आपल्या वॉर्डात तेच रोग खाटोखाटी, ही तफावत त्या काळच्या शिक्षकांना सलत असणार. अशा पुस्तकांचे मोल पुरस्कारांत मोजता येत नाही, पण विभागाच्या इतिहासात त्यांना शोधांइतकीच जागा हवी.

तिसरे रोजचे काम शवविच्छेदनाचे. इथे पोलिसांच्या प्रकरणातले शवविच्छेदन अभिप्रेत नाही. रुग्णालयात आजाराने गेलेल्या माणसाचे, नातेवाइकांची संमती घेऊन, मृत्यूचे खरे कारण शोधण्यासाठी केलेले. ही संमती मागण्याचे काम बहुधा सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टरावर येते, तेही अवेळी, रडणाऱ्या माणसांसमोर. आणि आत, टेबलाशी, वर्षानुवर्षे काम केलेले मामा, म्हणजे शवागारातले मदतनीस, असतात. कवटी नीट उघडणे, अवयव सलग बाहेर काढणे आणि नंतर देह असा शिवणे की घरच्यांना तो पाहवेल, हे नव्या डॉक्टरला मामाच शिकवतात. कुठल्याही शोधनिबंधात त्यांचे नाव येत नाही. या स्मरणिकेत निदान उल्लेख असावा.

या टेबलावरून निघालेले सर्वांत मोठे काम महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, दाहाचे. तरुण वय, बहुधा स्त्री, रक्तदाब भयंकर वाढलेला, एखाद्या हाताची नाडीच लागत नाही. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली ज्या आजाराकडे लक्ष वेधले, त्याचाच हा भाऊबंद. जपानमध्ये तो मुख्यतः महारोहिणीच्या कमानीतून मानेकडे आणि हातांकडे जाणाऱ्या वाहिन्या धरतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा खाली, छाती-पोटातल्या महारोहिणीत आणि मूत्रपिंडांच्या वाहिन्यांत उतरतो, म्हणूनच रक्तदाबाच्या रूपाने समोर येतो. के.ई.एम.मध्ये हृदयशल्यचिकित्सेची घडी बसवणारे, आणि १९६८ साली आशियातले पहिले हृदयरोपण करणारे डॉ. पी. के. सेन, पॅथॉलॉजीचे डॉ. एस. जी. किनारे, तसेच केळकर आणि परुळकर यांनी १०१ रुग्णांचा अभ्यास १९७३ साली ग्रंथरूपाने मांडला. सर्जनने जिवंतपणी वाहिनी हाताळलेली, पॅथॉलॉजिस्टने तिची भिंत थराथराने पाहिलेली. असा संयोग एकाच छपराखाली रुग्णालय आणि महाविद्यालय असल्याशिवाय जमत नाही. डॉ. किनारे यांनी हा विषय त्यानंतर दशकानुदशके सोडला नाही.

पावसाळ्यातली लेप्टोस्पायरोसिसची गोष्टही याच टेबलाची. गुडघाभर पाण्यातून चालत घरी गेलेला माणूस ताप घेऊन येतो, दोन दिवसांत दम लागतो आणि जातो. या आजाराचे पुस्तकी चित्र कावीळ आणि मूत्रपिंडाचे. शहरातल्या ६२ मृतांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास २००५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला, तो फुप्फुसांतल्या रक्तस्रावावर बोट ठेवणारा होता. हे नियतकालिकही आपल्याच संस्थेच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली सुरू केलेले. हा अभ्यास आला त्याच २००५ साली शहर बुडवणारा २६ जुलैचा पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाला या माहितीची गरज पडली.

अशी शवविच्छेदने आता जगभरच घटली आहेत. स्कॅनमध्ये सगळे दिसते, मग कापायचे कशाला, असा एक समज. संमती मागायला वेळ नाही, ही एक अडचण. आणि निदान चुकले होते असे निघाले तर, ही न बोललेली भीती. समज खोटा आहे. स्कॅन सावली दाखवतो. ती क्षयाची, बुरशीची की कर्करोगाची, हे कित्येकदा पेशीच सांगतात. पूर्वी क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्सला, म्हणजे दगावलेल्या रुग्णाच्या निदानावरच्या जाहीर चर्चेला, सभागृह भरायचे ते याच कारणाने. मोठमोठे फिजिशियन तासभर तर्क लढवायचे, विद्यार्थी वहीत पैजा लावायचे, आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट उठून पहिली स्लाईड दाखवायचा. वरिष्ठांचा तर्क सर्वांसमोर चुकतो आणि ते हसून मान्य करतात, हे दृश्य विद्यार्थ्याच्या शिक्षणात कुठल्याही व्याख्यानाहून जास्त कामाचे होते.

विभाग म्हणून पॅथॉलॉजी आता पूर्वीइतकी ऐसपैस राहिलेली नाही. एके काळी जंतू, परोपजीवी, रक्त, लघवी, ऊती, शव सगळे एकाच छत्राखाली. पॅथॉलॉजीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात परोपजीवींचे अख्खे प्रकरण असायचे ते त्यामुळेच. मग सूक्ष्मजीवशास्त्र वेगळे झाले, रक्तसंक्रमण हा स्वतंत्र विषय झाला. उरलेल्यातही हृदयाचा वेगळा, मूत्रपिंडाचा वेगळा, मेंदूचा वेगळा जाणकार लागतो. रंगवलेल्या स्लाईडच्या जोडीला प्रतिद्रव्ये वापरून पेशीचे कूळ ओळखणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आली, जनुकांच्या तपासण्या आल्या. स्तनाच्या कर्करोगाचा अहवाल आज नुसते ‘कर्करोग आहे’ असे सांगून संपत नाही. कोणते औषध लागू पडेल तेही त्यात यावे लागते. वर्षाला अठरा लाखांच्या आसपास बाह्यरुग्ण पाहणाऱ्या महापालिकेच्या रुग्णालयात हे सारे गरिबाला परवडेल अशा दरात करणे, ही खाजगी प्रयोगशाळांना न पडणारी अडचण आहे.

शेवटी एका दुर्लक्षित गोष्टीविषयी, कारण स्मरणिका वाचणाऱ्यांत प्रशासकही असतील. मेणाचे ब्लॉक. रुग्ण घरी जातो, अहवाल फायलीत जातो, ब्लॉक मात्र कपाटात राहतो. जागा कमी पडू लागली की पहिली कुऱ्हाड या कपाटांवर येते. अमेरिकेत १९१८च्या इन्फ्लुएंझाने मेलेल्या सैनिकांच्या शवविच्छेदनातले ब्लॉक असेच जपून ठेवलेले होते. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, १९९७ साली, त्यांतूनच त्या विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचता आले. ज्या डॉक्टरांनी ते ब्लॉक केले त्यांच्या काळात विषाणू डोळ्यांनी पाहणेही शक्य नव्हते. आपल्याकडची मागणी सहसा इतकी ऐतिहासिक नसते. सहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली बाई नव्या गाठीसह परत येते आणि ऑन्कॉलॉजिस्ट विचारतो, ही जुनीच उलटली की नवी आहे? जुना ब्लॉक हाताशी असेल, त्यावरचा क्रमांक वाचता येत असेल आणि नोंदवहीत त्याची ओळ सापडत असेल, तर दोन्ही स्लाईड शेजारी ठेवून चार दिवसांत उत्तर देता येते. त्यासाठी लागते कोरडी, थंड खोली, पोलादी कपाटे आणि क्रमांक लावून ठेवणारा एक माणूस. शताब्दीनिधीतून काय घ्यावे अशी विचारणा झाली तर माझी यादी एवढीच आहे.